गैनीच्या गळ्यातले काकासाहेब

गैनीनं आयुष्यात पहिली नक्कल केली ती माझी. सातवीच्या वर्गात मी फळ्याकडे तोंड करून गणित लिहीत होतो आणि मागून माझाच आवाज आला, "गाढवांनो, तुमच्यापेक्षा माळावरची मेंढरं हुशार!" वळून बघतो तर अख्खा वर्ग मान खाली घालून बसलेला. नाव कुणी सांगेना, म्हणून मी छडी घेतली आणि सगळ्यांना सरसकट धुवायला सुरुवात केली. तेव्हा गहिनीनाथ गांगर्डे आपणहून उभा राहिला. "गुर्जी, मी म्हनलो. पन तुमी मारताना त्येच्याबी वरचा सूर लावता, आइका." आणि त्यानं तोही काढून दाखवला! माझ्या नाकावरचा राग साऱ्या गावाला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मला हसू फुटलं. तिथंच मी चुकलो. दोन रट्टे दिले असते तर बिचारा निमूटपणे शेती करत राहिला असता.

पुढं शेती त्यानं केलीच म्हणा. बापाची आठ एकर कोरडवाहू, बायको भागूबाई, दोन बैल. पण जित्याची खोड ती. कर्जतपासून सहा मैलांवर आमचं गाव. यात्रा असो, गणपती असो, गैनी एकटाच उभा राहायचा. पेटी नाही, ढोलकी नाही, तोंडाला रंग नाही. तलाठी काढायचा, डॉक्टर काढायचा, स्वतःच्याच कीर्तनात डुलक्या घेणारे बुवा काढायचा. लोक पोट धरधरून हसायचे आणि ज्याची नक्कल झाली तो दुसऱ्या दिवशी गैनीच्या बांधावर भांडायला हजर. एकदा केडगावच्या गणपतीत एका पुढाऱ्याची नक्कल केली म्हणून चप्पल आली अंगावर. गैनीनं ती उचलली, पायात घालून बघितली आणि त्याच पुढाऱ्याच्या आवाजात म्हणाला, "दुसरी बी टाका, जोड पुरा हुईल." असा वात्रट प्राणी! भीती म्हणून नाही.

पण त्याची एक रीत होती. ज्याची नक्कल करायची त्याच्याजवळ तो आठ-पंधरा दिवस जाऊन बसायचा. त्याला लाकडं फोडून देईल, गुरं पाजून आणील, त्याच्याबरोबर भाकरी खाईल. मी विचारलं, "अरे, आवाज तर लांबूनही ऐकू येतो, मग एवढी चाकरी कशाला?" तर म्हणाला, "गुर्जी, आवाज गळ्यातनं येत न्हाई, पोटातनं येतो. मानूस पोटात काय दडवतो त्ये घावलं की आवाज घावला." सातवी पास माणूस! मी अठरा वर्षं मास्तरकी केली, पण माणसाबद्दल इतकं नेमकं बोलणं मला जमलं नाही.

ही रीत त्यानं एकदाच मोडली. आमचे सरपंच काकासाहेब यांच्या बाबतीत.

साल बहात्तरचा दुष्काळ. शेतात कुसळ नाही, विहिरींचे तळ दिसत होते आणि गावच्या गाव सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलेलं. काकासाहेब उंच, पांढऱ्या मिशांचे, करड्या शिस्तीचे. रोज सकाळी खडीकेंद्रावर यायचे, खुर्चीवर बसायचे आणि दोनदा खाकरून सांगायचे, "उद्या... टँकर... येतो." टँकर काही यायचा नाही. चार दिवस असं झाल्यावर लोकांनी आपसूक ठरवून टाकलं की सरपंच दोनदा खाकरले म्हणजे आता खोटं बोलणार. खरं म्हणजे तालुक्याहून त्यांना जे सांगितलं जायचं तेच ते लोकांना सांगत. पण तहानलेल्या माणसाला हे कोण समजावणार? गैनीनं ते खाकरणं घमेलं डोक्यावर घेऊन लांबूनच टिपलं. सरपंचांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसणं बरं दिसलं नसतं, आणि सवडही नव्हती. आठ दिवसांत काकासाहेब तयार. सुट्टीच्या वेळी खडीच्या ढिगावर उभा राहून तो दोनदा खाकरला की बायामाणसं हातातले हातोडे खाली ठेवायची. उपाशीपोटी हसायची माणसं. मीही हसलो, कशाला नाही म्हणू?

आकाशवाणीच्या पुणे केंद्राला मी तीन पत्रं टाकली होती. दिवाळीनंतर त्यांची गाडी खडीकेंद्रावर आली, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी लोकांची गाणी-बोलणी ध्वनिमुद्रित करायला. सरपंच म्हणून काकासाहेब पहिल्या रांगेत बसलेले, डोक्याला नवा फेटा. मी गैनीच्या कानात म्हणालो, "आज तलाठी काढ, डॉक्टर काढ, पण सरपंच नको." गैनी म्हणाला, "बरं गुर्जी." आणि मायक्रोफोनपुढं उभा राहिला. पण माणसं कसली ऐकतात! पाचशे तोंडं ओरडायला लागली, "सरपंच! सरपंच काढ!" गैनीनं माझ्याकडं पाहिलं, काकासाहेबांकडं पाहिलं. त्यांनी पाहुण्यांसमोर हसून हात हलवला, काढ म्हणून. दुसरं काय करणार होते ते?

गैनी दोनदा खाकरला. खडीकेंद्र फुटलं हसून. आणि त्या हशात काकासाहेबांना खरोखरच खोकल्याची उबळ आली. झालं! लोकांना वाटलं सरपंचच साथ देतायत. हशाचा नुसता कल्लोळ. ते सगळं टेपवर गेलं आणि डिसेंबरात रेडिओवर लागलं. चावडीपुढं बसून आम्ही ऐकलं. आधी गैनीचं खाकरणं, मग हशा, आणि हशाच्या खालून हळूच दुसरं खाकरणं. कुणाचं कुठलं ते ओळखता येत नव्हतं. माझी बायको इंदू घरी म्हणाली, "अहो, तो म्हातारा त्या हशात गुदमरतोय की काय!" मी तिच्यावर खेकसलो. कौतुकाच्या वेळी अपशकुन करू नकोस म्हणालो.

कार्यक्रम लोकांना इतका आवडला की महिन्याभरात पुन्हा लावला. गैनीचं नाव जिल्हाभर झालं. पारनेर, शेवगाव, पार पुणतांब्यापर्यंतची बोलावणी यायला लागली. आणि इकडं काकासाहेबांनी बोलणं सोडलं. आधी खडीकेंद्रावर, मग ग्रामपंचायतीत. त्यांच्याऐवजी ग्रामसेवक कागद वाचून दाखवायचा. रस्त्यानं निघाले की कुठल्या तरी दारातून दोनदा खाकरणं यायचं, ते मान वर करायचे नाहीत. गैनी एकदा त्यांच्या पाया पडायला गेला. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, डोक्यावर हात ठेवला, पण बोलले काही नाहीत. तो माझ्याकडं येऊन म्हणाला, "गुर्जी, शिव्या दिल्या असत्या तर बरं हुतं." वैशाखात, भर उन्हाळ्यात, काकासाहेब गेले.

दहाव्याला भीमेच्या काठी आम्ही सगळे जमलो. पात्रात नुसती वाळू, चर खणून पाणी काढलेलं. पिंड ठेवले आणि सगळे मागं सरले. कावळा काही शिवेना. माझं मत मी तिथंच मोठ्यानं सांगितलं, की त्या दुष्काळात कावळेसुद्धा मुलूख सोडून गेले होते, शिवणार कुठून? पण ऐकतो कोण. पुतण्या पुढं होऊन म्हणाला, "काका, काकीला अंतर देनार न्हाई." कावळा नाही. ग्रामसेवक म्हणाला, "सरपंच, टँकर रोज आणू." कावळा नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करून उरकायला निघाले. तेव्हा काकासाहेबांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी, पदर सावरून विचारलं, "गैनी आलाय का?"

गैनी सगळ्यांच्या मागं बसला होता. तो उठला. माणसं बाजूला झाली. पिंडापुढं जाऊन त्यानं हात जोडले. मला वाटलं होतं तो क्षमा मागेल. तो म्हणाला, "काका, तुमचा आवाज मी परत काढनार न्हाई. कुठंच न्हाई. शब्द देतो." आणि पलीकडच्या बाभळीतून एक कावळा उडाला, वाळूत उतरला आणि पिंडाला शिवला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असं मी इंदूला घरी येऊन सांगितलं. तिनं आंघोळीचं पाणी काढलं.

गैनीनं शब्द पाळायला घेतला. तलाठी काढायचा, मला काढायचा, पण मागून "काकासाहेब काढ" अशी हाळी आली की हात जोडून खाली उतरायचा. बोलावणी कमी झाली. त्यातच त्याला पडसं झालं. पारावर आम्ही चौघं बसलो होतो, टळटळीत दुपार. गैनी खोकला. साधं पडशाचं खोकणं, दोनदाच. आणि पलीकडच्या सावलीत झोपलेला काकासाहेबांचा म्हातारा कुत्रा ताडकन उठला, शेपूट हलवत आला आणि गैनीच्या पायाशी बसला. वर बघायला लागला त्याच्या तोंडाकडं. गैनीनं पाय उचलून घेतले. त्या दिवसापासून खोकला आला तरी तो तोंडात पंचा कोंबून घ्यायचा. भागूबाई मला म्हणाली, "गुर्जी, ह्यो मानूस आता बैलांनाबी हाक मारंना. म्हनतो, माजा आवाज कुठला त्येच ध्यानात येईना."

मी म्हणालो, वेडा झालाय, कामाला लागला की जाईल डोक्यातलं. आणि नेमकं तेव्हाच, त्र्याहत्तरच्या दसऱ्यानंतर, मुंबईहून माझ्या पत्त्यावर पत्र आलं. टेलिव्हिजनचं! एका अधिकाऱ्यानं रेडिओवरची टेप ऐकली होती. दहा मिनिटांचा कार्यक्रम, येण्याजाण्याचा खर्च. खाली लिहिलं होतं, खाकरणाऱ्या सरपंचांची नक्कल अवश्य हवी.

गैनी म्हणाला, "न्हाई."

मी डोक्यात राख घालून घेतली. त्याला काय काय बोललो ते आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. करंट्या म्हणालो, लक्ष्मी टिळा लावायला आलीय आणि तू तोंड धुवायला पळतोस म्हणालो. तो ऐकून घेत होता. म्हणाला, "शब्द दिलाय गुर्जी."

"कुणाला? कावळ्याला?"

"काकांना."

मग मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हणालो, "अरे खुळ्या, आपल्या सबंध नगर जिल्ह्यात टेलिव्हिजन आहे का एक तरी? इथं दिसतच नाही ते. मुक्ताबाई बघणार नाहीत, पुतण्या बघणार नाही, गावातलं चिटपाखरू बघणार नाही. मुंबईच्या लोकांना काकासाहेब कोण ते ठाऊक नाही. ज्याला कुणी ओळखत नाही त्याची नक्कल झाली काय आणि न झाली काय? यात शब्द मोडतो कुठं?"

चांगला वकिली मुद्दा होता. गैनीनं विचारलं, "तुमी संगं येनार?" मी म्हणालो, येणार.

मुंबईत आम्हाला एका मोठ्या गार खोलीत नेलं. डोळे दिपतील असे दिवे, तीन कॅमेरे, कानाला यंत्रं लावलेली माणसं. गैनीनं विचारलं, "लोकं कुठं बसत्यात?" एक मुलगी म्हणाली, लोक नसतात, लोक घरी बघतात. मग एकानं सगळ्यांना बजावलं, कार्यक्रम चालू असताना कुणी हसायचं नाही, आवाज टिपला जातो. मी दाराशी भिंतीला टेकून उभा राहिलो.

त्यानं तलाठी काढला. कुणी हसलं नाही. त्यानं मला काढलं. कुणी हसलं नाही. सवय नव्हती हो त्याला! पंधरा वर्षं हा माणूस हशाच्या जोरावर बोलत आला होता. वाक्य टाकायचं, हशा येऊ द्यायचा, मग पुढचं. इथं वाक्य टाकलं की नुसती शांतता. त्याचे डोळे मला शोधत होते, पण दिव्यांमुळं मी त्याला दिसत नव्हतो. शेवटी त्या अधिकाऱ्यानं काचेपलीकडून खूण केली, सरपंच.

गैनी दोनदा खाकरला. "उद्या... टँकर... येतो."

आजवर ही नक्कल मी शंभरदा ऐकली होती, पण दर वेळी ती हशात बुडलेली. आज हशा नव्हता. त्या बंद खोलीत काकासाहेब उभे होते. आणि ते खोटं बोलत नव्हते हो. त्यांना श्वास पुरत नव्हता. दोनदा खाकरून छाती मोकळी केल्याशिवाय त्यांच्यानं एक शब्द बोलवत नव्हता, आणि दर शब्दानंतर थांबत होते ते पुढच्या शब्दापुरतं वारं छातीत ओढायला. दम्याचा माणूस पाचशे तहानलेल्या लोकांपुढं रोज उभा राहत होता, आणि आम्ही त्याला लबाड ठरवला.

गैनीलाही ते त्याच क्षणी ऐकू आलं. तो थांबला. हात छातीवर गेला आणि तिथंच राहिला. किती वेळ, कोण जाणे. मग पुढची वाक्यं तशीच म्हणून त्यानं कार्यक्रम पुरा केला. अधिकारी बाहेर येऊन त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "फर्स्ट क्लास! ते मध्ये थांबणं तर काय सुंदर! पुढच्या महिन्यात पुन्हा या." गैनीनं मान हलवली आणि विचारलं, "पानी मिळंल का?"

परतीच्या वाटेवर एस.टी.त तो शिरूर मागं पडल्यावर म्हणाला, "गुर्जी, मी त्येंच्यापाशी बसलोच न्हाई. एक दिवस जरी बसलो असतो ना, तरी कळलं असतं."

"झालं ते झालं," मी म्हणालो. "गावात कुणाला ठाऊक नाही. तोंड उघडू नकोस."

"मला ठाव हाय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुक्ताबाईंकडं निघाला. मी त्याला आडवा गेलो, हाताला धरलं, नाही नाही ते बोललो. पालथ्या घड्यावर पाणी. मग मीही मागोमाग गेलो. म्हटलं, बाईनं आरडाओरडा केला, पुतण्यानं काठी काढली, तर मध्ये पडायला कुणी तरी हवं. मुक्ताबाई ओसरीवर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. गैनी खाली अंगणातच बसला आणि सगळं सांगून टाकलं. शब्द मोडला, मुंबईत काकांचा आवाज काढला. आणि काका खोटं बोलत नव्हते, त्यांना दमा होता, हे आपल्याला आता समजलं, हेही.

मुक्ताबाईंचे हात तुरीतच होते. "दमा व्हता," त्या म्हणाल्या. "धा वर्सं. कुनाला सांगू दिलं न्हाई. म्हनायचं, सरपंच आजारी हाय म्हनल्यावर तालुक्यात कोन इचारील?" मग त्यांनी विचारलं, "तिथं कुनी हासलं का?"

"न्हाई काकी. एक मानूस हासला न्हाई."

"मग हितं काढ."

मी पुढं झालो. "मुक्ताबाई, कशाला आता..."

"गुर्जी, तुमी गप बसा. लई बोललाय तुमी." त्या माझ्याकडं बघितल्याशिवायच म्हणाल्या, आणि मी, नाकावर राग असलेला माणूस, गप्प बसलो. "सा महिनं ह्या घरात आवाज न्हवता रं. पानी खुनंनं मागायचं, पांघरून खुनंनं मागायचं. तुजा कार्यक्रम रेडिओवर परत लागला तवा मी चुलीम्होरं बसून आइकला. लोकं हासत हुती. म्या म्हनलं, हासू द्या, आवाज तर ह्येंचा हाय. काढ."

गैनी म्हणाला, "काय म्हनू काकी? मला टँकरबिगर काय येत न्हाई त्येंचं."

"रोजचंच. रानातनं आलं की दारातनं म्हनायचं, मुक्ता, भूक लागली गं."

त्यानं डोळे मिटले. छाती भरून घेतली, पण पुरती भरली नाही तशी. आणि त्या अंगणात, सकाळच्या उन्हात, काकासाहेब म्हणाले, "मुक्ता... भूक... लागली गं."

मुक्ताबाईंनी सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आत गेल्या. आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला धजावलो नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि हे पाप माझं. थोड्या वेळानं त्या ताट घेऊन आल्या. बाजरीच्या दोन भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. ताट त्यांनी गैनीपुढं ठेवलं आणि समोर बसल्या.

"काकी," गैनी म्हणाला, "मी गैनी हाय."

"ठाव हाय मला. खुळी न्हाई मी." त्यांनी ताट आणखी पुढं सरकवलं. "जेव. तू खडीवर त्यो खेळ केलास, त्या दिसापास्नं ह्येंनी माज्या हातचं पोटभर खाल्लं न्हाई."

गैनीनं भाकरी मोडली. खाली मान घालून तो खात राहिला, डोळ्यांतलं पाणी पिठल्यात पडत होतं. ताट रिकामं झालं की मुक्ताबाई न विचारता भाकरी वाढत होत्या. तिसरी झाली, चौथी झाली. मला बघवेना, आणि उठून जायची हिंमतही होईना. गैनीच्या घशाखाली घास उतरत नव्हता, पण पुरे म्हणायला त्याच्या तोंडून कुणाचाच आवाज निघत नव्हता.